मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरला ट्रकचा ब्लॉक: एक प्रकरण अभ्यास

मार्च महिन्यात रत्नागिरीसमोर जाळं ओढत असताना एका ट्रॉलरच्या इंजिनाने रॉड टाकला. चार नंबरच्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड मधोमध तुटला. त्याचा खालचा तुकडा क्रँकबरोबर फिरत राहिला आणि इंजिन बंद पडेपर्यंत त्याने ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, दोन्ही अंगांनी फोडला. डाव्या बाजूचं भोक हाताचा पंजा आत जाईल एवढं होतं. आग लागली नाही, कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. दुसऱ्या बोटीने दोर टाकून तिला मिरकरवाडा बंदरात ओढून आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, आमच्या वर्कशॉपमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मिस्त्री, ट्रकचा ब्लॉक घातला तर चालंल काय? बंदी लागायच्या आधीचे दोन महिने तरी हाताला लागायला हवेत."

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. नवीन मरीन इंजिन मागवायचं, तर पैशाची जुळवाजुळव आणि यायला लागणारा वेळ धरून हंगाम संपलाच म्हणायचा. शिवाय प्रश्न वावगाही नव्हता. आपल्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटींत सहा सिलिंडरची जी डिझेल इंजिनं दिसतात, त्यातली बरीचशी ट्रक-बसच्या इंजिनांच्याच घराण्यातली आहेत. अशोक लेलँडची इंजिनं रस्त्यावर जशी धावली, तशी मरीन साज चढवून समुद्रातही गेली. अशा घराण्यात ओतीव लोखंडाचा ब्लॉक पुष्कळदा दोन्हीकडे तोच असतो.

म्हणून आम्ही हो म्हटलं, पण दोन अटी घातल्या. पहिला ब्लॉक का फुटला ते कळल्याशिवाय दुसरा बसवायचा नाही. आणि ट्रकचं लोखंड तेवढं घ्यायचं, लोखंडाभोवतीची ट्रकची मांडणी बोटीत येऊ द्यायची नाही. नाखव्यांना पहिली अट वेळखाऊ वाटली. बोट जागेवर उभी म्हणजे खलाशांचा वाटाही बंद, त्यामुळे त्यांची घाई अगदी रास्त होती. तरी या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वेळ कुठला गेला असेल, तर तो तुकडे धुऊन टेबलावर मांडण्यात गेला, असं माझं ठाम मत आहे.

रॉड कधी मोडायला लागला

तुटलेल्या रॉडचा छेद स्वच्छ करून भिंगाखाली धरला. जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट आणि गुळगुळीत होता, आणि त्यावर एका कडेपासून सुरू झालेल्या, एकाआड एक पसरत गेलेल्या कमानी दिसत होत्या. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. कमानींचा भाग म्हणजे फेऱ्यागणिक थोडी थोडी वाढत गेलेली भेग. दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. रॉड मार्चमध्ये तुटला असला, तरी मोडायला त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

रॉडचे बोल्ट शाबूत होते. बेअरिंगला तेल कमी पडून रॉड जाम झाला असता, तर क्रँकचं जर्नल निळं पडलं असतं. ते नुसतं ओरखडलं होतं. मग उरलेले पिस्टन एकेक करून वर आणले आणि ब्लॉकच्या माथ्यावर डायल गेज लावून प्रत्येकाची उंची घेतली. एक, दोन, पाच, सहा सारखे. तीन नंबरचा मात्र जवळजवळ ०.६ मिलिमीटर खाली. रॉड काढून जिगवर धरला तर डोळ्यांना न दिसणारा बाक तिथे स्पष्ट दिसला, आणि त्या पिस्टनच्या स्कर्टवर तिरकी घासही सापडली.

धडधाकट रॉड असा वाकायला सिलिंडरमध्ये दाबली न जाणारी वस्तू यावी लागते, आणि बोटीत ती वस्तू म्हणजे पाणी. हिशेब सोपा आहे. सिलिंडर साधारण १ लिटरचा, दाबाचं गुणोत्तर १७ ला १. म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा साठ-बासष्ट मिलिलिटर, चार मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. नुसत्या स्टार्टरच्या जोरावर इंजिन अडून थांबतं, पण तेवढ्यात शेजारच्या सिलिंडरने पेट घेतला तर तो धक्का रॉडवर येतो आणि रॉड वाकतो.

बोट चालवणाऱ्या तांडेलांना विचारलं. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी स्टार्टर 'टक्' करून अडकला होता. दुसऱ्यांदा मारल्यावर इंजिन चालू झालं, पण तेव्हापासून थरथर वाढली. त्याच आठवड्यात तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं म्हणून ते बदलून टाकलं होतं. एवढं ऐकल्यावर नजर गेली एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीकडे. या बोटीत मॅनिफोल्डच्या जॅकेटमधून (थंड पाणी खेळवणाऱ्या बाहेरच्या पोकळीतून) थेट समुद्राचं पाणी फिरत होतं, इंजिन पाण्याच्या पातळीखाली होतं, आणि बंदरात उभी असताना सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहत असे. मॅनिफोल्डची सगळी तोंडं बंद केली, जॅकेटमध्ये हवा भरली आणि तो टाकीत बुडवला. तीन आणि चार नंबरच्या पोर्टच्या मधोमध बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. गंजाने आतून पाडलेलं, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. रात्रभर त्यातून पाझरलेलं पाणी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात उतरत होतं. तीन नंबरचा रॉड नुसता वाकला, चार नंबरचा वाकून भेगाळला आणि काही महिन्यांनी तुटला.

यात ब्लॉकचा काहीच दोष नव्हता. जुना मॅनिफोल्ड तसाच ठेवून नवा ब्लॉक बसवला असता, तर पुढच्या दिवाळीआधी तोही फुटला असता.

ब्लॉक शोधताना

फुटलेला ब्लॉक सांधता येईल का, हेही पाहिलं. पाण्याच्या जॅकेटला गेलेली भेग मेटल स्टिचिंगने (वेल्डिंग न करता धातूच्या पिनांनी टाके घालून) छान बंद होते, वर्षानुवर्षं टिकते. इथे मात्र भेग मेन बेअरिंगच्या आधारभिंतीपर्यंत गेली होती. क्रँकचा सगळा भार जिथे येतो ती जागा सांधून बोट खोल समुद्रात पाठवायला मी तयार नव्हतो. त्याच मॉडेलचा मरीन ब्लॉक वेळेत मिळेना. राहिला ट्रकचा.

पहिला ब्लॉक दलालाने दाखवला तो वरून रंगवून चकाचक केलेला. माथा साफ करून त्यावर लाल डाय मारला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) कडेपासून हेड स्टडच्या भोकापर्यंत केसाएवढी लाल रेघ उमटली. तो ट्रक कधीतरी तापून बसला असणार. ब्लॉक परत केला.

दुसरा कोल्हापूरचा, उलटलेल्या ट्रकमधला. हा मला जास्त पसंत होता, कारण अपघाताने भंगारात गेलेल्या गाडीचं इंजिन बहुधा चालू स्थितीतलं असतं. तापून किंवा झिजून बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाची तशी खात्री देता येत नाही. तपासणी तिथेच, शिवाजी उद्यमनगरात करून घेतली. कॉस्टिकच्या टाकीत उकळून जॅकेटमधला गाळ काढला, मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेग शोधणारी तपासणी) केलं, मग तोंडं बंद करून गरम पाण्यात हवेचा दाब दिला. कुठेही बुडबुडा नाही. क्रँक तिथेच 'दहा'च्या साइजला, म्हणजे पाव मिलिमीटर कमी, ग्राइंड करून घेतली आणि सगळा माल आंबा घाटातून टेम्पोने रत्नागिरीला आणला.

ब्लॉक घेताना मेन बेअरिंगच्या टोप्या त्याच ब्लॉकच्या असल्या पाहिजेत. टोप्या बसवून मगच भोकं एका रेषेत बोअर केलेली असतात. जुन्या ब्लॉकच्या टोप्या नव्यावर चढतात, बोल्टही बसतात, पण रेषा चुकते आणि क्रँक आवळली जाते. टोप्यांवरचे नंबर जुळवून पाहिले, बेअरिंगची नवी शेल घातली, टॉर्क दिला आणि क्रँक दोन बोटांनी फिरते का ते पाहिलं. फिरली.

दुसरी बाब सहज नजरेतून सुटणारी होती. तेलाच्या वाहिन्या हवेने साफ करताना प्रत्येक सिलिंडरखाली एक जादा भोक सापडलं. हा ब्लॉक नंतरच्या, टर्बो असलेल्या आवृत्तीसाठी ओतलेला होता आणि पिस्टनला खालून तेलाचा फवारा मारणारे जेट त्या भोकांत बसतात. आपलं इंजिन बिनटर्बोचं, जेट नाहीत. भोकं उघडी राहिली असती, तर तेलाचा दाब कधीच वर आला नसता. सहाही भोकांना आटे पाडून बुचं बसवली. बोअर, स्ट्रोक आणि नाव जुळलं म्हणून ब्लॉक जुळला असं धरून चालू नये, हे सांगण्यासाठी मी हे एवढं खुलवून लिहितो आहे.

ट्रकचं काय काढलं, बोटीचं काय घातलं

सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पात्र, बोटीचाच ठेवला. बोटीत इंजिन शाफ्टच्या रेषेत मागे कललेलं बसतं, त्यामुळे तेल मागच्या टोकाला जमतं. ऑइल पंपाची चूषणनळी तिथे पोचली पाहिजे. डिपस्टिकच्या जुन्या खुणा मात्र निरुपयोगी ठरल्या, कारण नव्या ब्लॉकमध्ये नळीची जागा वेगळी होती. इंजिन फाउंडेशनवर बसल्यावर मोजून तेल ओतलं आणि त्यावरून काठीवर नव्या खुणा कोरल्या.

ट्रकच्या टायमिंग गिअरवर ब्रेकसाठी एअर कंप्रेसर चालतो. बोटीत त्याच जागेवर समुद्राच्या पाण्याचा, रबरी इम्पेलरचा पंप बसतो. कंप्रेसरला जाणारी तेलाची वाट आणि परतीची वाट दोन्ही बंद केल्या. ट्रकचा पंखा, क्लच हाउसिंग, पुढचा माउंट हे सगळं काढलं. वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरची गोल बुचं, लोखंडी पत्र्याचे होते, ते काढून पितळी ठोकले.

इंजिन आणि गिअर जिथे जोडले जातात त्या फ्लायव्हील हाउसिंगला मी जास्त जपतो. ट्रकचा ब्लॉक, बोटीचं हाउसिंग, आणि दोन्ही जोडणाऱ्या डॉवेल पिना यांच्यात थोडी तफावत असतेच. क्रँकला डायल गेज लावून हाउसिंगच्या भोकात पूर्ण फेरा मारला. पहिल्या बैठकीत काटा मर्यादेबाहेर हलत होता. डॉवेल काढून हाउसिंग सरकवलं, पुन्हा मोजलं, जागेवर नवी भोकं रीम करून जाड डॉवेल घातले. हे न करता बोल्ट आवळले तर इंजिन नीट चालतं, पण मरीन गिअरचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागतं आणि दोष गिअरवर जातो.

पाणी

खरा बदल इथे केला. या बोटीत आतापर्यंत समुद्राचं पाणी सरळ इंजिनातून फिरत होतं. असं इंजिन मुद्दाम थंड, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, कारण त्याहून गरम झालं तर पाण्यातले क्षार जॅकेटमध्ये बसू लागतात. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात, आणि खारं पाणी लोखंड खातच राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ट्रकचा ब्लॉक आयुष्यभर गोड्या पाण्यावर चाललेला. त्याच्यात खारं पाणी सोडायचं नाही, यावर आम्ही अडून बसलो.

हीट एक्स्चेंजर बसवला, म्हणजे खारं पाणी मिसळू न देता त्याच्याकडून गोडं पाणी थंड करून घेणारी नळ्यांची पेटी. ब्लॉक, हेड आणि नवा मॅनिफोल्ड यांत आता कूलंट मिसळलेलं गोडं पाणी फिरतं. समुद्राचं पाणी फक्त एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जातं आणि बाहेर पडतं. याचा आणखी एक लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. मॅनिफोल्डला पुन्हा कधी छिद्र पडलं, तर आत शिरायला अख्खा समुद्र उभा नसतो. कूलंटच्या टाकीतलं पाणी कमी होतं आणि सकाळी झाकण उघडणाऱ्याला ते दिसतं.

एक्स्चेंजरचा आकार ठरवताना उत्पादकाच्या तक्त्यावर डोळे झाकून भिस्त ठेवली नाही. बरेच तक्ते थंड समुद्र धरून केलेले असतात. मे महिन्यात कोकणासमोरचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. आत ८० अंशांचं कूलंट आणि बाहेर ३० अंशांचं पाणी, यात उष्णता ओढून नेणारा फरक पन्नासच अंशांचा उरतो. म्हणून एक माप मोठा घेतला. खाऱ्या बाजूला जस्ताच्या कांड्या घातल्या, म्हणजे गंज आधी त्यांना खाईल. कूलंटही साधं पाणी आणि रंग असं चालत नाही. ओल्या लायनरच्या बाहेरून कंपनाने बुडबुडे फुटून खड्डे पडतात, ते रोखणारं रसायन त्यात लागतं.

पंखा आणि भार

ट्रक चढावर दम खातो आणि उतारावर विश्रांती घेतो. बोटीला उतार नाही. जाळं पाण्यात असताना इंजिन तासन्‌तास एकाच भाराखाली चालतं. म्हणूनच एकाच इंजिनाची मरीन आवृत्ती कमी फेऱ्यांवर बांधलेली असते. ट्रकबरोबर आलेला डिझेल पंप आम्ही वापरला नाही. बोटीचाच पंप पंपरूममध्ये (डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये) कॅलिब्रेट करून घेतला आणि गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा राखणारा भाग, बोटीच्या पाटीवर होता तसा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ठेवला. नाखव्यांच्या मुलाचं म्हणणं होतं, ट्रकचा पंप लावला तर बोट जोरात पळेल. त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या १० टक्क्यांनी कमी केल्या, तर शक्ती जवळजवळ २७ टक्क्यांनी कमी लागते. १० टक्क्यांनी वाढवल्या, तर ३३ टक्के जास्त लागते. वेग त्या मानाने किरकोळ वाढतो, डिझेल मात्र जळत राहतं.

बोट पाण्यात सोडून एक रात्र तशीच ठेवली. लाकडी सांगाडा किनाऱ्यावर एका आकारात असतो आणि पाण्यात जरा वेगळ्या, त्यामुळे शाफ्टचं अलाइनमेंट पाण्यातच करायचं. नेहमीइतका बर्फ आणि डिझेल भरून मग गिअर आणि शाफ्टच्या फ्लँजमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज फिरवला. फ्लँजच्या दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. तेवढ्यात आणेपर्यंत माउंटखालच्या पट्ट्या पुष्कळदा बदलाव्या लागल्या. चाचणीत मोकळ्या पाण्यात इंजिन पूर्ण फेऱ्यांना पोचलं, धूर काळा नव्हता. पंखा जड असता तर इथेच कळलं असतं.

कागद

इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो, विम्यातही असतो, आणि डिझेलवरच्या कराचा परतावाही बोटीच्या कागदपत्रांवरच मिळतो. त्यामुळे कोल्हापूरहून ब्लॉक घेताना पक्कं बिल, त्यावर ब्लॉकचा नंबर आणि ज्या ट्रकचा तो होता त्याचे भंगारात काढल्याचे कागद मागून घेतले. त्याच्या प्रतींसह मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. नव्या ब्लॉकवरचा नंबर घासून त्यावर जुना ठोकून देण्याचा सल्ला बंदरात सहज मिळतो. अपघात झाला आणि सर्व्हेअरने नंबर पाहिला, तर दावा बुडतो आणि फसवणुकीचा ठपका वर येतो. माणसं समुद्रात जातात, त्यांच्या मागे घरं आहेत. हा सल्ला कोणी ऐकू नये.

अमेरिका-कॅनडात राहणारे, तळ्यावर पेट्रोल इंजिनाची बोट ठेवणारे मराठी वाचक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तिथे ब्लॉक बहुतेक वेळा थंडीत फुटतो. आत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि लोखंड चिरतं. शेव्हरोलेच्या ५.७ लिटरच्या व्ही-८ सारखी गाड्यांची इंजिनं तिथल्या बोटींत वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत, त्यामुळे गाडीचा ब्लॉक सहज मिळतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर हे बोटीसाठी बनवलेलेच हवेत, ठिणगी आणि वाफ बाहेर न सोडणारे. गाडीच्या ब्लॉकबरोबर आलेले हे भाग लावले तर स्फोट होऊ शकतो. दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन उलटं फिरणारं असू शकतं, तेही आधी पाहून घ्यावं.

आपल्या ट्रॉलरचा एकूण खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्याही खाली राहिला. त्यातला मोठा वाटा हीट एक्स्चेंजर आणि मॅनिफोल्डचा, ब्लॉकचा नव्हे. बोट एप्रिलच्या मध्यावर निघाली आणि ३१ मेपर्यंत चालली. पहिल्या फेरीनंतर हेडचे नट पुन्हा टॉर्कने तपासले, तेल आणि फिल्टर लवकर बदलले. सी-कॉक बंद करून मगच जेटीवर उतरायचं, ही सवय तांडेलांनी खलाशांना लावली.

बंदीत बोट शाकारल्यावर एक्स्चेंजरचं झाकण उघडलं. नळ्या स्वच्छ होत्या, पण जस्ताच्या कांड्या अपेक्षेपेक्षा जास्त, अर्ध्याहून अधिक खाल्ल्या गेल्या होत्या. म्हणून त्या बदलायची मुदत निम्म्यावर आणली. तेलाचा नमुना तपासणीला पाठवला होता, त्यात सोडियम वाढलेलं नव्हतं, म्हणजे खारं पाणी कुठूनही आत येत नव्हतं. नाखव्यांची दुसरी एक बोट आहे, त्याच घराण्यातलं इंजिन, थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारं. तिच्या इंजिनाबद्दल कुठलीच तक्रार नव्हती, तरी त्यांनी स्वतःहून तिचा मॅनिफोल्ड काढून आमच्याकडे पाठवला. टाकीत बुडवून हवा भरली, तर दोन नंबरच्या पोर्टखाली बुडबुडे आले. आता त्या बोटीच्या मापाचा हीट एक्स्चेंजर आम्ही मागवला आहे.